दूध बंदचा हिवाळा

नगर-मनमाड रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसायला लागले, की आमच्याकडे हिवाळा आला. मग कॅलेंडर काहीही म्हणो. दोन-दोन ट्रेलर जोडलेले, गाणी ठणाणा लावलेले ते ट्रॅक्टर कोल्हारच्या पुलावरून हेलकावे खात जातात, आणि मागे रस्ताभर पाचट सांडत राहतं. सकाळी प्रवरेवर धुकं असतं. गोठ्यात गेलं की गाईंच्या नाकातून वाफा निघताना दिसतात. उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं स्वस्त मिळतं, गाई पोटभर खातात, दूध वाढतं. आणि दूध वाढलं की भाव उतरतो. दरवर्षी उतरतो, आणि दरवर्षी आम्ही तोंडात बोटं घालतो.

परवा वस्तीच्या ग्रुपवर मेसेज पडला. ‘सोमवारपासून दूध बंद. एक थेंबही डेअरीला जाणार नाही.’ खाली आवळलेल्या मुठी, ट्रॅक्टरची चित्रं, आणि त्याच्याही खाली अंगठेच अंगठे. मी वाचलं, फोन उपडा ठेवला आणि गाईंना कुट्टी टाकायला गेले. हे लिहिणाऱ्याने जन्मात कधी धार काढली असेल का, असं मनात आलं खरं. मी जरा खवचट आहे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आता तुम्हालाही असू द्या.

एसटीचा संप झाला तर गाडी डेपोत उभी राहते. मास्तरांचा संप झाला तर फळा कोरा राहतो. गाईला काय सांगणार? पहाट झाली की तिची कास भरतेच. ती हंबरते, पाय झाडते. दूध तसंच कासेत ठेवलं तर दगडी होते, म्हणजे कास टणक होते, तापते, आणि एखादा सड कायमचा जातो. त्यामुळे दूध बंद असलं तरी आम्हा बायकांना पहाटे उठणं चुकत नाही. हात चालूच राहतात. फक्त काढलेल्या दुधाचं करायचं काय, हा प्रश्न नवा असतो. तो स्टेजवर कुणी बोलत नाही, कारण स्टेजवरचे लोक धारेला बसत नाहीत.

काही वर्षांपूर्वी एकदा असाच मेसेज आला होता आणि अशीच थंडी होती.

मी मूळची नगर शहरातली. लग्न होऊन कोल्हारजवळच्या या वस्तीवर आले तेव्हा गाय कुठल्या बाजूने धरतात तेही मला माहीत नव्हतं. ते शिकवलं माझ्या थोरल्या जावेने. मी त्यांना अक्का म्हणते. माझे मिस्टर नगरला एमआयडीसीत. सकाळी जातात, दिवेलागणीला येतात. त्यामुळे दिवसभर वस्तीवर आम्ही दोघी जावा आणि आमच्या गाई. अक्कांचे यजमान म्हणजे आमचे भाऊ. भाऊ कार्यकर्ते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि आवाज असा की माईक नसला तरी चालेल. दूध दराचं कुठलंही आंदोलन असो, आमच्या भागात भाऊंवाचून व्हायचं नाही. माणूस मनाचा खरा. डेअरीवाल्याचा चहा पिऊन गप्प बसणाऱ्यातले ते नव्हेत, हे मी केव्हाही सांगेन.

गाई आणायच्या त्या भाऊंनी, विकायच्या त्या भाऊंनी. संकलन केंद्रावर दूध जायचं ते भाऊंच्या नावाने. शेण, कुट्टी, धारा, रात्रीबेरात्रीचं वेत हे सगळं अक्कांचं, आणि मी हाताखाली. त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला गौरी व्याली आणि कालवड झाली. काळी कुळकुळीत, कपाळावर एवढासा पांढरा ठिपका. अक्कांनी तिचं नाव चिमणी ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, “ही विकायची न्हाई. ही माझी. हिचं दूध माझ्या नावानं जाईल.”

भाऊ हसले. “जाऊ दे की. कोन न्हाई म्हनतंय?”

गाय व्हायला कालवडीला अजून वर्षं जायची होती, पण अक्कांनी आत्ताच केंद्रावरच्या माणसाला विचारून ठेवलं होतं की बाईमाणसाच्या नावाने खातं निघतं का. निघतं म्हणाला. त्या दिवशी त्या येताना पेढे घेऊन आल्या. मी म्हटलं, “अक्का, पेढे कशाचे?” तर म्हणाल्या, “गप खा.” इतक्या वर्षांत स्वतःसाठी त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट, हे मला पेढा तोंडात घातल्यावर उमगलं.

मग बंद सुरू झाला.

पहिल्या दिवशी रस्त्यावर दूध ओतलं. टीव्हीवर बघताना ते कसं दिसतं मला माहीत नाही, पण समोर उभं राहून बघवत नाही. कॅन आडवे होतात, दूध डांबरावर पसरतं, खड्ड्यात साचतं, आणि थंडीत त्याच्यातून वाफ निघते, कारण ते तासाभरापूर्वी गाईच्या पोटात असतं. कुत्री येतात. घोषणा देणारे पाय वाचवत मागे सरकतात. कॅमेरावाला म्हणतो, जरा पुन्हा ओता. आमच्या शेजारची एक म्हातारी पदर डोळ्याला लावून निघून गेली. भाऊ घसा फोडून बोलत होते, आणि खरंच चांगलं बोलत होते. पाण्याच्या बाटलीला जो भाव मिळतो तो आमच्या दुधाला का नाही? पेंडीचं पोतं महाग होतं तेव्हा आम्हाला कुणी विचारतं का? उत्पादनाचा खर्च निघेल एवढा भाव द्या, वर्षभर तोच ठेवा, आणि दुधाचं फॅट मोजताना काटा मारू नका. एवढंच मागणं. त्यात वावगा एक शब्द नव्हता, आजही नाही. मागण्या इतक्या जुन्या झाल्यात की फ्लेक्सवर फक्त वर्ष बदलतात.

घरी आल्यावर अक्का चुलीपुढे बसून होत्या. भाऊ जेवायला बसले तशा म्हणाल्या, “उद्यापासून माझ्या हातचं दूध रस्त्यावर न्हाई जानार.”

“आगं, अख्खं गाव वततंय. कार्यकर्त्याच्याच घरचं दूध घरात ठिवलं तर लोक काय म्हनतील?”

“लोक धारंला बसत्यात का माझ्या?”

“मग डेअरीला घालायचं?”

“डेअरीला बी न्हाई. बंद म्हंजी बंद. पन वतायचं न्हाई.”

भाऊ चिडले, ताटावरून अर्धवट उठले. मी आपली भांड्यांचा आवाज करत राहिले. पण दुसऱ्या दिवशी कॅन घ्यायला आंदोलनातली पोरं आली, ती रिकामीच गेली. आणि गंमत म्हणजे संध्याकाळपर्यंत वस्तीवरच्या सगळ्याच बायकांनी कॅन घरात ओढले. कुणी ठरवलं नव्हतं, मीटिंग नव्हती. एकीने केलं, दुसरीला धीर आला.

तो सगळा आठवडा आमच्या वस्तीला दुधाचा वास येत होता. काय काय केलं आम्ही! खवा आटवला, दही लावलं, ताक केलं, तूप काढलं. पोरं बासुंदीला कंटाळली. कढयांच्या बुडाला लागलेली खरवड घासून घासून माझी नखं गेली. उरलेलं दूध अक्का आणि मी कळशीत घालून खालच्या अंगाला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांवर न्यायचो. पाथर्डीकडची माणसं ती. चार महिने पाचटाच्या कोपीत राहणार, पहाटे फडात जाणार. त्यांच्या मुलांना दूध म्हणजे चहात दिसेल तेवढंच. पहिल्या दिवशी एका बाईने पातेलं पुढे केलं, भरून घेतलं, पोराला तिथंच पेला पाजला, आणि मग पुन्हा कळशीत डोकावून म्हणाली, “ताई, तुमचा संप असाच चालू द्या की! पोरं बाळसं धरत्याल.”

आम्ही तिघी खूप हसलो. परत येताना अक्का म्हणाल्या, “ती चुकीचं काय बोलली?”  तिच्या घामाचा भाव कोण ठरवतं, त्यासाठी रस्ता कोण अडवतं, हे आमच्या फ्लेक्सवर कुठेच नव्हतं. आंदोलन जिथपर्यंत आपलं शिवार तिथपर्यंतच पोचतं बहुतेक वेळा. ते मला तेव्हाही खटकलं आणि अजूनही खटकतं.

आणि वासरं. हे मात्र मला नीट सांगितलं पाहिजे.

धंद्याच्या गाईचं वासरू पोटभर दूध पीत नाही. ते पाप आहे म्हणा की हिशोब म्हणा, सगळ्या गोठ्यांत तसंच आहे. जन्मल्यावर चीक पाजायचा, आणि मग मोजून, बादलीतून, जगण्यापुरतं. बाकीचं केंद्रावर. आईच्या कासेकडे मान लांब करून वासरू दाव्याला ओढ देतं, आणि आपण बघून न बघितल्यासारखं करतो. बंद सुरू झाला आणि गावच्या सगळ्या बायकांच्या मनात एकच आलं, की आता तरी पिऊ दे बिचाऱ्यांना! कुणाला विचारायचं नव्हतं, केंद्रावरची गाडी येणार नव्हती. ज्यांनी वर्षानुवर्षं वासरं वाढवली, ज्यांना दुधाचं माप झोपेत कळतं, त्याच बायकांनी त्या आठवड्यात दावी सोडली.

आठवड्याच्या मध्यावर अक्कांनी चिमणीला सोडलं तेव्हा मी तिथं होते. ती धडपडत गौरीच्या पोटाखाली गेली, ढुशा दिल्या, आणि शेपूट असं काही वळवळायला लागलं की आम्ही दोघी पोट धरून हसलो. तोंडाला फेस, पोटाचा नगारा. गौरी तिला चाटत होती. अक्का खांबाला टेकून बघत उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा असा निवांत मी त्याआधी पाहिला नव्हता. “पी बाई पी,” म्हणाल्या. “तुझ्या बापाचं राज्य हाय.” सकाळी सोडलं, संध्याकाळी सोडलं, दुसऱ्या दिवशीही सोडलं.

जास्त दुधाने वासराला हगवण लागते. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं.

तिसऱ्या सकाळी चिमणी उठली नाही. पांढरं, पाण्यासारखं वाहत होतं, डोळे आत गेले होते, कान गार पडलेले. अक्कांनी दूध तोडलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पोत्याने अंग चोळलं. मी डॉक्टरांना फोन लावला. जनावरांचे डॉक्टर राहुरीच्या बाजूने येतात, पुलावरून. म्हणाले, निघालोच. आम्ही वाट बघत बसलो. बराच वेळ झाला, मग त्यांचाच फोन आला. “वहिनी, पुलावर रास्ता रोको चालूय. तुमचीच माणसं सोडत नाहीत.”

खरंच की. त्या दिवशी पुलावर चक्का जाम होता. भाऊ पहाटेच गेले होते. अक्कांनी त्यांना फोन लावला, पुन्हा लावला. शर्टाच्या खिशात वाजत असणार, घोषणांत ऐकू कुठून यायचा? तेव्हा त्यांनी नऊवारीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, “काढ तुझी स्कूटी.”

पुलाच्या अलीकडे गाड्यांची ही रांग. मी स्कूटी बाजूला लावली आणि आम्ही गर्दीतून वाट काढत गेलो. ट्रेलरचंच स्टेज केलं होतं. भाऊ माईकवर होते, तहसीलदार निवेदन घ्यायला खाली येऊन उभे होते, पोलीस कंटाळलेले होते. अक्कांनी लग्नानंतर कधी भाऊंना चारचौघांत हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली.

“अहो! खाली या.”

भाऊ वाकले. अक्का म्हणाल्या, “डाक्टर पुलाच्या पल्याड अडकलाय. चिमनी जाया लागलीया. त्याला सोडा.”

शेजारच्या एकाने ऐकलं. तरुण पोरगा होता, वाईट नव्हता. म्हणाला, “भाऊ, अँबुलन्स आन् शाळंची गाडी, एवढंच ठरलंय. कालच एक लग्नाची गाडी परत लावली आपन. आज तुमच्याच घरचं सोडलं तर लोक बोलत्याल.”

मी भाऊंच्या तोंडाकडे बघत होते. ते थांबले. एका क्षणाचं थांबणं होतं ते, पण मी पाहिलं आणि अक्कांनीही पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, “जरा दम धर. निवेदन दिलं की रस्ता सोडतोच हाय आपन.”

 अक्का वळल्या आणि चालत सुटल्या, सरळ गर्दीतून, पुलावरून, पलीकडे. मी मागे पळतेय. त्यांना कुणी अडवलं नाही. डॉक्टर मोटरसायकलपाशी उभे होते. अक्कांनी त्यांची पेटी उचलली, खांद्याला लावली आणि म्हणाल्या, “गाडी ऱ्हाऊ द्या इथंच, चोरीला गेली तर मी देईन. चला.” डॉक्टर बिचारे निमूट चालायला लागले. आम्ही तिघं परत स्टेजपुढून गेलो. माईक चालू होता, भाऊ बोलत होते, पण त्यांचं वाक्य मधेच अडखळलं. ते मला आठवतं.

इथे मला थोडं थांबायचं आहे. भाऊ चुकले का? मी हा प्रश्न नंतर कितीदा उलटून पाहिला. नियम घरच्यासाठी मोडला नाही म्हणून एखाद्याला त्यांचं कौतुकही वाटेल. असल्या आंदोलनाला दुसरं असतं काय? पैसा नसतो, वकील नसतात. सगळ्यांनी मिळून ठरवलेला शब्द तेवढा असतो. तो एकाने सोडला की दुसऱ्या दिवशी पुलावर कोणी येत नाही. पण ज्याला धडा शिकवायचा तो मुंबईत बसलेला, आणि अडतं कोण? ऊसवाला, नवरदेव, जनावरांचा डॉक्टर. सगळे आपल्याच ओळखीचे, कुणी भाच्याचा मित्र, कुणी मामेसासऱ्याचा जावई. आंदोलन करू नये असं मला अजिबात वाटत नाही. केलं नसतं तर आज जो काय भाव आहे तोही नसता. मात्र मला त्या थांबण्याचा राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

डॉक्टरांनी शीर शोधली, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. अक्कांनी चिमणीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, “बघू. पाणी फार गेलंय.” मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, की लवकर आला असता तर? ते हात धूत म्हणाले, “वहिनी, ते मला सांगता येणार नाही. आणि तुम्ही विचारू नका.”

सलाईन अर्धं व्हायच्या आत चिमणी गेली. अक्कांनी तिचे डोळे मिटायला हात फिरवला, पण ते मिटत नव्हते. गौरी दाव्याला ओढून हंबरत होती. मी रडले. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी पोतं आणून तिच्या अंगावर घातलं, आणि ते घालताना कपाळावरचा ठिपका तेवढा उघडा ठेवला, आणि मग तोही झाकला.

दुपारनंतर हलगीचा आवाज यायला लागला. बंद मागे घेतला होता. फटाके वाजले, कोल्हारच्या बाजूने धुराचा लोट दिसला. धारांची वेळ झाली तशी भाऊंची मोटरसायकल वस्तीवर आली. डोक्यापासून छातीपर्यंत गुलाल, पापण्यांवर गुलाल, पांढरा शर्ट गुलाबी. आवाज पार बसला होता. ते तडक गोठ्यात आले. पोतं पाहिलं. उभे राहिले.

अक्का पोत्याशेजारी बसून होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, “भाव वाढला?”

भाऊ म्हणाले, “समिती नेमली.”

अक्कांनी मान वर केली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “मग गुलाल कशाचा?”

 बोलण्यात ज्यांना कुणी हरवलं नाही असे आमचे भाऊ. ते बाहेर गेले आणि गोठ्यापुढच्या हौदावर वाकून तोंड धुवायला लागले. ओंजळीवर ओंजळी घेतल्या, मान धुतली, केस धुतले. गुलाल काही केल्या सुटेना. त्यांच्या ओंजळीआडून एकदा हुंदक्यासारखा आवाज आला, आणि मी तोंड फिरवलं.

मी गाई पाण्यावर सोडल्या. दिवसभरात त्यांना पाणी दाखवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, तहानेल्या होत्या. गौरी सगळ्यांच्या पुढे गेली. तिने हौदात तोंड घातलं, लाल पाणी हुंगलं, फुरफुरली, आणि मागे सरली. तिच्या मागून बाकीच्याही सरल्या. एकीनेही तोंड लावलं नाही. सगळ्या हौदापासून लांब, भाऊंकडे बघत उभ्या राहिल्या.

भाऊंनी बादली घेतली आणि हौद उपसायला सुरुवात केली. मी पुढे झाले तर हाताने नको म्हणाले. अक्का गोठ्यातून उठल्या, हात धुतले, गौरीच्या कासेखाली बसल्या. रस्त्यावर डेअरीच्या टेम्पोचा हॉर्न वाजला.